आवा-काइनान स्टेशन: जेआरमधून उतरून डीएमव्हीत बसेपर्यंतचं सगळं, क्रमाने

जपानच्या शिकोकू बेटावर, तोकुशिमा प्रांताच्या दक्षिण किनाऱ्यावर आवा-काइनान नावाचं छोटं स्टेशन आहे. तिथे कर्मचारी नसतात. जेआर (जपान रेल्वे) शिकोकूची मुगी लाइन या स्टेशनात संपते आणि आसा किनारी रेल्वेची डीएमव्ही इथून पुढे जाते. डीएमव्ही म्हणजे रस्त्यावर बस आणि रुळांवर रेल्वे होणारी गाडी. प्रवाशांसाठी नियमित सेवेत उतरलेली अशी ही जगातली पहिली गाडी, २५ डिसेंबर २०२१ पासून धावते आहे.

तिच्यासाठी तोकुशिमापर्यंत जाणारे मराठी प्रवासी आता बरेच भेटतात. परतल्यावर त्यांच्या तक्रारीही ठरलेल्या असतात. जेआरचा पास दाखवला तरी पैसे मागितले. आम्ही फलाटावर उभे होतो आणि गाडी पलीकडून निघून गेली. जागा नाही म्हणाले. या सगळ्यांचं मूळ एकच आहे: स्टेशनाचं नाव एक, म्हणून प्रवासही एकच, असं धरून आखणी केलेली असते. प्रत्यक्षात इथे दोन कंपन्या, दोन तिकिटं, दोन वेळापत्रकं आणि चढायच्या दोन जागा आहेत.

म्हणून खालचा क्रम मोडू नका. त्यातही एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: आधी डीएमव्हीतली जागा, मग जेआरची गाडी. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. पहिल्या खेपेला मीही तेच केलं होतं. सकाळची जेआर ठरवली, हॉटेल ठरवलं आणि डीएमव्हीचं पान सर्वात शेवटी उघडलं. हव्या त्या फेरीत जागा उरली नव्हती, त्यामुळे सगळा दिवस पुन्हा आखावा लागला.

## १. थांब्यांची नावं आधी पाठ करा

डीएमव्हीचे थांबे उत्तरेकडून क्रमाने असे: आवा-काइनान बुनकामुरा, आवा-काइनान, काइफु, शिशिकुई, कान्नोउरा, उमि-नो-एकी तोयोचो, मिची-नो-एकी शिशिकुई ओन्सेन.

यातल्या आवा-काइनान ते कान्नोउरा या १० किलोमीटरवर गाडी रुळांवरून धावते. दोन्ही टोकांना ती रस्त्यावर असते. बुनकामुरा हे गावाचं सांस्कृतिक केंद्र, तिथून ती बस म्हणून निघते आणि आवा-काइनानला येऊन रुळांवर चढते. कान्नोउराला रुळांवरून उतरते आणि पुन्हा बस होते.

तीन नावांत लोक हमखास फसतात.

शिशिकुई आणि शिशिकुई ओन्सेन. शिशिकुई हे उंचावरच्या रुळांवरचं स्टेशन आहे. मिची-नो-एकी शिशिकुई ओन्सेन हा महामार्गालगतचा थांबा, म्हणजे गरम पाण्याच्या स्नानगृहाजवळची प्रवाशांची विश्रांतीची जागा. गाडी शिशिकुई स्टेशन ओलांडून कान्नोउराला जाते, खाली रस्त्यावर उतरते आणि मागे वळून शिशिकुई ओन्सेनला पोहोचते. नकाशावर हे दोन थांबे जवळ दिसले तरी गाडीच्या मार्गात ते सलग नाहीत. आरक्षण करताना यातलं कोणतं निवडताय, ते दोनदा वाचा.

बुनकामुरा आणि आवा-काइनान. जेआरने येणाऱ्याला आवा-काइनानलाच चढायचं असतं. यादीत बुनकामुरा वर दिसतं, म्हणून तेच निवडलं जातं.

काइफु. जुन्या नकाशांत आणि प्रवासवर्णनांत जेआर काइफुपर्यंत जाते असं लिहिलेलं सापडेल. ऑक्टोबर २०२० अखेरपर्यंत ते खरं होतं. १ नोव्हेंबर २०२० पासून आवा-काइनान ते काइफु हा दीड किलोमीटरचा तुकडा आसा किनारी रेल्वेकडे गेला. त्यामुळे "काइफुला गाडी बदला" असं कुठे वाचलंत, तर ती माहिती जुनी आहे.

> तपासा: कागदावर एक रेघ ओढा आणि तिच्यावर सातही थांबे लिहा. कुठे चढणार आणि कुठे उतरणार तिथे खूण करा. ही रेघ न काढता पुढची पायरी घेऊ नका.

## २. तारीख आणि वाराचं वेळापत्रक

डीएमव्हीचं कामाच्या दिवसांचं वेळापत्रक वेगळं आणि शनिवार-रविवार व सुट्ट्यांचं वेगळं. इथे सुट्टी म्हणजे जपानची सार्वजनिक सुट्टी. आपल्याला मंगळवार साधा वाटतो आणि त्या दिवशी जपानमध्ये सुट्टी असते, असं सहज होतं. एप्रिलचा शेवट ते मेचा पहिला आठवडा या काळात तर अशा सुट्ट्या ओळीने येतात.

शनिवार-रविवारी आणि सुट्टीला एक फेरी कान्नोउराच्याही पुढे मुरोतो भूशिराकडे जाते. भूशीर बघायचं असेल तर तारीख या फेरीवरून ठरवा आणि चालू वेळापत्रकात ती आहे ना, हे कंपनीच्या पानावर पाहून घ्या. फक्त डीएमव्हीचा अनुभव हवा असेल तर कामाचा दिवस निवडा, गर्दी कमी असते.

वादळांचा काळही लक्षात घ्या. शिकोकूच्या या किनाऱ्याला ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये टायफूनचा जोर असतो, आणि मोठ्या पावसात किंवा वाऱ्यात दोन्ही कंपन्या गाड्या थांबवू शकतात. या महिन्यांत जाणार असाल तर तोकुशिमात एक दिवस राखीव ठेवा.

## ३. डीएमव्हीतली जागा राखून ठेवा

गाडी मिनीबसएवढी आहे, टोयोटाच्या कोस्टर बसवर बांधलेली. बसायला १८ जागा. कंपनीकडे अशा तीनच गाड्या आहेत: निळी, हिरवी आणि लाल. गर्दी झाली म्हणून मागे दुसरा डबा जोडणं शक्य नाही आणि जादा गाडी सोडायलाही वाव नाही. आपल्याकडे एसटीला उभं राहून जाता येतं, तसं इथे होईल या भरवशावर जाऊ नका.

आरक्षण 'हाश्शा ओराय नेट' या जपानी बस-आरक्षणाच्या संकेतस्थळावर होतं. क्रम असा ठेवा:

१. परतीची फेरी आधी ठरवा. जाताना जागा मिळाली नाही तर थांबून पुढची घेता येते. संध्याकाळी तसं करता येत नाही.

२. मग जायची फेरी निवडा.

३. चढायचा आणि उतरायचा थांबा पायरी १ मधल्या कागदाशी ताडून पाहा.

४. पैसे कधी भरायचे, आत्ता की गाडीत, हे त्याच पानावर वाचा. मुदत दिली असेल तर फोनमध्ये आठवण लावा.

५. शेवटच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. त्या किनाऱ्यावर बोगदे बरेच आहेत, नेटवर्कवर अवलंबून राहू नका.

ब्राउझरमधलं भाषांतर वापरताना थांब्यांची नावं विचित्र होतात. 'उमि-नो-एकी'चं 'समुद्र स्टेशन' होतं, 'मिची-नो-एकी'चं 'रस्ता स्टेशन'. थांबा निवडायच्या क्षणी भाषांतर बंद करा आणि मूळ जपानी अक्षरं जुळवा; त्यासाठी थांब्यांच्या जपानी नावांचं चित्र आधीच फोनमध्ये साठवून ठेवा.

आरक्षण नसेल आणि गाडीत जागा असेल तर ऐनवेळीही बसू देतात, पण आरक्षणवाल्यांना आधी. एकट्या माणसाला हे जमून जातं. चार जणांच्या कुटुंबाने यावर विसंबू नये.

> सावध: प्रवास शोधणारी ॲप जेआर आणि डीएमव्हीच्या वेळा जोडून एकसलग प्रवास दाखवतात. डीएमव्हीत जागा आहे की नाही, हे त्यात कळत नाही. ॲपने मार्ग दाखवला म्हणजे जागा मिळाली, असं नव्हे.

## ४. आता मागे मोजत जेआरची गाडी ठरवा

डीएमव्ही आवा-काइनानहून किती वाजता सुटते, ते तुम्हाला आता माहीत आहे. तिथून मागे मोजा.

तोकुशिमा ते आवा-काइनान मुगी लाइनचं अंतर ७७.८ किलोमीटर आहे. साध्या गाडीने दोन तासांच्या वर धरा. तोकुशिमा ते आनान या भागात साधारण दर अर्ध्या तासाला गाडी असते. सुरुवातीच्या या सोयीमुळेच लोक गाफील राहतात. आनानच्या दक्षिणेला गाड्या साधारण दोन-दोन तासांनी येतात. शिवाय काही गाड्या आनानपर्यंतच किंवा मुगीपर्यंतच जातात. म्हणून फलाटावर 'मुगी लाइन' एवढंच वाचून चढू नका. गाडीचं शेवटचं स्टेशन कोणतं ते बघा.

आवा-काइनानला उतरून डीएमव्हीच्या जागी जायला दोन-तीन मिनिटं पुरतात. तरी मधे पंधरा-वीस मिनिटं मोकळी सोडा, आणि इतकं अंतर ठेवणारी जोडी मिळत नसेल तर जेआरची आधीची गाडी घ्या. कंपन्या दोन आहेत. एकीला उशीर झाला म्हणून दुसरी थांबेलच, असं गृहीत धरू नका.

आदल्या दिवशी तोकुशिमात मुक्काम करावा, असं मी आग्रहाने सांगेन. ओसाकाहून हायवे बसने तोकुशिमाला साधारण अडीच तास लागतात, ताकामात्सुहून जेआरच्या उझुशिओ एक्सप्रेसने सव्वा तासाच्या आसपास. ओसाकाहून पहाटे निघून त्याच दिवशी डीएमव्ही करून परत यायचं, हा बेत कागदावर जमतो. वाटेत एक गाडी चुकली की सगळा कोसळतो.

## ५. तिकीट, पास आणि सुटे पैसे

यातल्या चुका सगळ्यात जास्त, म्हणून थोडं सविस्तर.

सुइका-इकोका ही जपानी रेल्वेची प्रीपेड कार्ड विसरा. मुगी लाइनवर ती चालत नाहीत. तोकुशिमा स्टेशनवर स्वयंचलित गेट नाही, कर्मचारी तिकीट बघून आत सोडतात. कार्ड दाखवून आत जायचा प्रयत्न करू नका, यंत्रातून कागदी तिकीट काढा.

जेआर पास. संपूर्ण जपानचा जेआर पास मुगी लाइनवर, म्हणजे आवा-काइनानपर्यंत, चालतो. डीएमव्हीत चालत नाही, कारण ती जेआरची गाडीच नाही. चालक पैसे मागतो ते बरोबर असतं, त्याच्याशी वाद घालू नका. परदेशी प्रवाशांसाठी ऑल शिकोकू रेल पास नावाचा वेगळा पास आहे. त्यात जेआर शिकोकूबरोबर बेटावरच्या इतर रेल्वे कंपन्याही येतात. शिकोकूत तीन-चार दिवस फिरणार असाल तर त्याचा हिशोब करून बघा. विकत घेण्याआधी सोबतच्या यादीत आसा किनारी रेल्वेचं नाव आणि मार्गाची हद्द डोळ्यांनी वाचा. आणि पास असला तरी जागा राखायचं काम उरतंच.

सुटे पैसे. हजार येनच्या नोटा आणि १०, ५० व १०० येनची नाणी जवळ ठेवा. एकट्या चालकाच्या गाड्यांत भाड्याच्या पेटीशेजारी सुटे करायचं यंत्र असतं, पण पाच किंवा दहा हजारांची नोट तिथे मोडेल असं धरू नका. तोकुशिमात पाण्याची बाटली घेताना मोठी नोट मोडून घ्या.

सामान. मोठी सुटकेस आणू नका. मिनीबसच्या आत ती ठेवायची कुठे? तोकुशिमा स्टेशनवर नाण्यांचे लॉकर आहेत, किंवा हॉटेलमध्ये ठेवा. सोबत पाठीवरची एक पिशवी पुरे.

खाणं. तोकुशिमा सोडण्याआधी घेऊन ठेवा. शाकाहारी असाल तर दुकानातल्या ओनिगिरीत, म्हणजे सारण भरलेल्या भाताच्या गोळ्यांत, उमेबोशीची, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाची, सर्वात निर्धोक. बाकीच्या बहुतेकांत मासे असतात. पुण्या-मुंबईहून नेलेल्या दशम्या आणि चटणी असेल तर उत्तमच.

## ६. तोकुशिमाहून निघताना

गाडी एक-दोन डब्यांची, डिझेलवर चालणारी. चढण्याआधी स्वच्छतागृहाला जाऊन या, प्रत्येक डब्यात ते असेलच असं नाही. खिडकी डावीकडची धरा. दक्षिणेला जाताना समुद्र डाव्या हाताला येतो. युकी सोडलं की मुगीपर्यंत तो अधूनमधून अगदी रुळांजवळ दिसतो. या वाटेवर ताइनोहामा नावाचं वाळूच्या किनाऱ्याला लागून असलेलं हंगामी स्टेशनही आहे, उन्हाळ्यात काही दिवसच उघडणारं.

मधल्या बिनकर्मचारी स्टेशनवरून चढलात तर मागच्या दाराने चढा आणि यंत्रातली छोटी चिठ्ठी, सेइरीकेन, ओढून घ्या. उतरताना पुढच्या दारापाशी तिच्यावरच्या आकड्यानुसार पैसे द्यायचे असतात. तोकुशिमाहून तिकीट काढलं असेल तर तेच तिकीट चालकाच्या पेटीत टाका.

> सावध: दोन डब्यांची गाडी असेल तर बिनकर्मचारी स्टेशनवर उतरायला पहिल्या डब्याचं पुढचं दारच उघडतं. मुगी गेलं की सामान घेऊन पुढे या. मागच्या डब्यात दाराचं बटण दाबत उभं राहिलेली माणसं मी पाहिली आहेत.

आनानच्या दक्षिणेला जेआर चुकलीच तर एक सोय लक्षात असू द्या. एप्रिल २०२२ पासून या लाइनच्या दक्षिण भागात, समांतर जाणाऱ्या तोकुशिमा बसच्या हायवे बसने जेआरच्या तिकिटावर जाता येतं. कोणत्या थांब्यांदरम्यान आणि कोणत्या फेऱ्यांना, याचं पत्रक जेआर शिकोकूच्या संकेतस्थळावर मिळतं. निघण्याआधी ते फोनमध्ये साठवा.

## ७. आवा-काइनानला उतरल्यावर

इथे घाई करू नका आणि फलाटावर रेंगाळूही नका.

जेआरचा एकच फलाट आहे. डीएमव्ही या फलाटाला लागत नाही. तिचे रूळ जेआरच्या रुळांपासून तोडून वेगळे केलेले आहेत, जेआरची गाडी पुढे काइफुकडे जाऊच शकत नाही. डीएमव्ही रस्त्याने येते आणि फलाटाशेजारच्या बदल-जागेत, म्हणजे बसची रेल्वे होते त्या जागेत, शिरते. म्हणून जेआरमधून उतरलात की फलाट सोडा, स्टेशनसमोर या आणि डीएमव्हीच्या थांब्याची पाटी शोधा. सापडली नाही तर समोर दिसेल त्याला विचारा: "दी-एमु-बुई नो नोरिबा वा दोको देस का?" (डीएमव्हीत चढायची जागा कुठे आहे?)

बदल-जागा दोन्ही बाजूंनी उघडी आहे. वेळ असेल तर आधीच्या फेरीची डीएमव्ही बाहेरून पाहा. गाडी खाचेतून सरळ रुळांवर येऊन उभी राहते, पोटातली लोखंडी चाकं खाली येतात आणि पुढची रबरी चाकं हवेत उचलली जातात. मागची रबरी चाकं मात्र रुळांवर टेकलेलीच राहतात, गाडीला तीच ढकलतात. हा सगळा बदल सुमारे १५ सेकंदांत होतो. फोटो काढायचा असेल तर कॅमेरा गाडी यायच्या आधी तयार ठेवा.

> तपासा: आरक्षणाचा स्क्रीनशॉट उघडा. सुटे पैसे खिशात. जेआरचं तिकीट आधीच दिलेलं आहे. सुटायच्या दहा मिनिटं आधी थांब्यावर उभे.

## ८. गाडीत

चालकाला आरक्षण दाखवा आणि जागेवर बसा. जागा निवडता आली तर पुढची घ्या. बदल होताना गाडीचं नाक थोडं वर उचललं जातं ते पुढे बसलेल्याला स्पष्ट जाणवतं. समुद्र इथेही डावीकडे.

आवा-काइनानला चढून कान्नोउराला उतरलात तर दोन्ही बदल बसल्या जागी अनुभवता येतात: एकदा रुळांवर चढताना, एकदा उतरताना. कमी वेळ असेल तर हाच तुकडा घ्या. काइफु किंवा शिशिकुईला मधेच उतरलात तर दुसरा बदल हुकतो.

काइफुच्या अलीकडे एक छोटा बोगदा येतो, तो चुकवू नका. त्याच्यावर डोंगर नाही. भोवतालचा डोंगर खोदून नेला आणि बोगद्याची कमान तेवढी मोकळ्या जागेत उभी राहिली. तो काही सेकंदांतच मागे पडतो, त्यामुळे आवा-काइनान सुटल्याबरोबर समोर लक्ष ठेवा.

रुळांवरचा प्रवास खडखडाट करतो. गाडी हलकी आहे, सांध्यांचा आवाज थेट आत येतो. काही बिघडलेलं नाही. उभं राहून चित्रण करू नका, पट्टा असेल तर बांधून ठेवा.

## ९. उतरणं, आणि पुढे किंवा मागे

कान्नोउरा कोची प्रांतात आहे, तोयो गावात. गाडी उंचावरच्या रुळांवरून उतारावर येते आणि खाली रस्त्याच्या पातळीवर थांबते. इथून दोन वाटा आहेत.

त्याच वाटेने परत. राखून ठेवलेली फेरी कोणत्या थांब्यावरून आहे ते पाहा. कान्नोउराला उतरून किनाऱ्याने चालत उमि-नो-एकी तोयोचोला गेलात आणि परतीचं आरक्षण कान्नोउराहून असलं, तर तिथेच परत यावं लागेल. आवा-काइनानला पोहोचल्यावर जेआर लगेच नसेल तर स्टेशनसमोर बसून घ्या. तिकीटखिडकी नाही, त्यामुळे मागच्या दाराने चढून सेइरीकेन घ्यायची आणि उतरताना किंवा तोकुशिमाला कर्मचाऱ्याकडे पैसे द्यायचे.

पुढे कोचीकडे. कान्नोउराहून कोची तोबु कोत्सूची बस मुरोतो भूशिरावरून नाहारीकडे जाते, आणि नाहारीहून तोसा कुरोशिओ रेल्वेची गोमेन-नाहारी लाइन कोचीच्या दिशेला नेते. परतीचा त्याच वाटेचा प्रवास वाचतो आणि शिकोकूचा आग्नेय कोपरा पूर्ण पाहून होतो. वेळ हाताशी असेल तर मी हाच मार्ग सुचवेन. पण ही बस म्हणजे तिसरी कंपनी आणि तिसरं वेळापत्रक. हा मार्ग घ्यायचा तर पायरी ४ मधलं मागे मोजणं नाहारीच्या गाडीपासून सुरू करा: आधी ती, मग बस, मग डीएमव्ही, आणि जेआर सर्वात शेवटी. या वाटेने गेलात तर तोकुशिमाच्या लॉकरमध्ये सामान ठेवू नका, ते आदल्या दिवशीच कुरिअरने कोचीच्या हॉटेलात पाठवा.

डीएमव्ही चुकली किंवा रद्द झाली तर राष्ट्रीय महामार्ग ५५ वरून जाणारी साधी बस हाच पर्याय. तिचे थांबे आणि वेळा पायरी १ च्याच कागदाच्या मागच्या बाजूला आधी लिहून ठेवा. आवा-काइनानला विचारायला खिडकी नाही, आणि शेवटची जेआर तुम्हाला वाटते त्यापेक्षा लवकर सुटते.